जुन्या संगणकावर नवा गेम वीस मिनिटांनी अडखळू लागतो तेव्हा

होळी सरली की जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातील ओळखीच्या मंडळींकडून माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागते. हिवाळाभर व्यवस्थित चाललेला गेम आता पहिली पंधरा-वीस मिनिटे नीट चालतो, मग जड होतो, चित्र तुटक दिसू लागते, माउस हलवल्यावर पात्र उशिरा वळते. आणि गेम बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा सुरू केला की तो परत पहिल्यासारखा चालतो. तक्रार घेऊन येणाऱ्याने तोपर्यंत विंडोज नव्याने टाकून पाहिलेले असते, ड्रायव्हर दोनदा बदललेले असतात आणि बहुतेक वेळा नव्या ग्राफिक्स कार्डासाठी पैसे जमवायलाही सुरुवात केलेली असते. पैसे खर्च करण्याआधी पाच-सहा आकडे स्वतःच्या डोळ्यांनी वाचावेत, एवढे माझे कळकळीचे सांगणे आहे, कारण जुन्या यंत्राचा जीव बहुधा भलत्याच जागी अडकलेला असतो.

उदाहरण म्हणून माझ्या भाच्याचा संगणक घेतो. तो धरणगावला कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत राहतो. एका कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप त्याने घेतला होता. त्यात इंटेलचा आय५-४५९० हा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, आठ जीबीची एकच रॅम, एक टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि नंतर बसवलेले चार जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड होते. गेम होता रेड डेड रिडेम्प्शन २. फोनवर तो म्हणाला, "मामा, सुरुवातीला काहीच त्रास नाही, नंतर मात्र कन्नडच्या घाटात भरलेला ट्रक चढावा तसा चालतो." शेजारच्या एका जाणत्या माणसाने पाहताक्षणी निकाल देऊन टाकला होता, "भाऊ, हाई मशीन आते जुनं व्हई गयं."

यंत्र जुने होते यात शंका नाही. पण तो गेम त्याला झेपण्यासारखा आहे की नाही, हे आधी कागदावर पाहता येते. हा गेम २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये संगणकावर आला, तेव्हा त्याची किमान अपेक्षा आय५-२५००के प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि दोन जीबीचे जीटीएक्स ७७० कार्ड एवढी होती; शिफारस होती आय७-४७७०के, बारा जीबी रॅम आणि सहा जीबीचे जीटीएक्स १०६० यांची. भाच्याचे यंत्र या दोन टोकांच्या मधे बसते. म्हणजे मध्यम सेटिंगवर गेम चालायलाच हवा होता, आणि पहिली वीस मिनिटे तो चालतही होता. यंत्राची ताकदच कमी पडत असती तर ती पहिल्या मिनिटापासून कमी पडली असती. वीस मिनिटांनी जे बदलते ते यंत्राचे वय नसून त्याचे तापमान असते.

आधी मोजणी

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते, परंतु प्रोसेसरचे दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे मोफत साधन घ्यावे आणि गेमच्या पडद्यावरच आकडे दिसावेत म्हणून एमएसआय आफ्टरबर्नर बसवावा. प्रोसेसरचे तापमान, प्रोसेसरचा वेग, कार्डाचे तापमान, कार्डाची वापरात असलेली मेमरी, रॅमचा वापर आणि फ्रेमचा, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राचा, वेळ एवढ्याच गोष्टींवर लक्ष ठेवावे. यातला शेवटचा आकडा लोक फारसा पाहत नाहीत, पण मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी आणि ३० साठी ३३.३ मिलिसेकंदांत. सरासरी ४५ फ्रेम दिसत असतानाही अधूनमधून एखादी फ्रेम २०० मिलिसेकंद घेत असेल, तर डोळ्यांना तो झटका स्पष्ट जाणवतो, सरासरीत मात्र तो हरवून जातो.

या मोजणीत तीन वेगळी दुखणी तीन वेगळे आकार घेऊन समोर येतात. प्रोसेसरचा वेग हळूहळू खाली येत असेल आणि तापमान एका वरच्या आकड्यावर खिळून राहिले असेल, तर दुखणे उष्णतेचे आहे. वेग आणि तापमान दोन्ही ठीक असून नव्या भागात शिरताना किंवा घोडा भरधाव सोडल्यावरच झटके येत असतील, तर दुखणे रॅमचे, डिस्कचे किंवा कार्डाच्या मेमरीचे आहे. आणि गेम अडखळण्याऐवजी संपूर्ण संगणकच अचानक बंद पडत किंवा पुन्हा सुरू होत असेल, तर संशय विजेवर घ्यावा.

भाच्याच्या यंत्रावर सुरुवातीला प्रोसेसर ३.५ गिगाहर्ट्झवर चालत होता आणि फ्रेम ४४ च्या आसपास होत्या. बाविसाव्या मिनिटाला तापमान ९८ अंशांवर जाऊन थांबले, वेग २.२ वर घसरला आणि फ्रेम १९ झाल्या. इंटेलच्या या पिढीतल्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या जवळपास असते. ती आली की जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. म्हणजे हा बिघाडसुद्धा नव्हे. यंत्र स्वतःचा जीव वाचवत होते.

मग हिवाळ्यात का चालत होता?

हे गणित खान्देशात राहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे मला वाटते. पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला धातूच्या पात्यांचा ठोकळा) प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेला देतात, त्यामुळे प्रोसेसरचे तापमान नेहमी खोलीच्या तापमानाच्या वर एका ठराविक अंतरावर राहते. काम तेवढेच असेल आणि पंखाही तोच असेल, तर हे अंतर फारसे बदलत नाही. जानेवारीत खोली २० अंशांवर आणि प्रोसेसर ७८ वर असेल, तर अंतर ५८ अंशांचे झाले. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे बाहेर पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ४० अंश सहज असतात. त्यात ५८ मिळवले की ९८ होतात. थंड शहरातल्या माणसाने दिलेला सल्ला इथे अपुरा पडतो तो याच कारणाने: त्याच्याकडे वीस अंशांची जी सवलत असते ती आपल्याकडे नसते. खोलीचे तापमान आपल्या हातात फारसे नाही, ते ५८ चे अंतर मात्र आपल्या हातात आहे, आणि सारा खटाटोप ते कमी करण्यासाठी करायचा असतो.

पहिली परीक्षा फुकट आहे. कॅबिनेटचे एका बाजूचे झाकण काढून समोर टेबलफॅन ठेवावा आणि तोच गेम अर्धा तास चालवावा. लक्षण नाहीसे झाले किंवा बरेच लांबले, तर हवा कोंडत आहे हे सिद्ध होते. भाच्याकडे या प्रयोगाने अडखळणे बाविसाव्या मिनिटाऐवजी चाळिसाव्या मिनिटावर गेले, पण थांबले नाही. म्हणजे कोंडमारा कॅबिनेटमध्ये होताच, शिवाय प्रोसेसरच्या अंगालगतही होता.

प्रोसेसरचा पंखा काढला तेव्हा कारण हातात आले. हीटसिंकच्या पात्यांवर, पंख्याच्या बरोबर खाली, करड्या रंगाचा एक गोल थर बसला होता. चिमट्याने कडेला धरून उचलला तर तो न फाटता, घोड्याच्या खोगिराखालच्या नमद्यासारखा अखंड निघाला. त्यात धूळ थोडी आणि रुईचे तंतूच जास्त होते. दसऱ्यानंतर जिनिंग सुरू झाली की आमच्याकडे खिडकीच्या जाळीवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर जे पांढरे तूस बसते, तेच चार महिने या पंख्याने आत ओढून घेतले होते. हीटसिंक मध्यभागी कोमट लागत होता आणि कडेला जवळजवळ गार. इतकी वर्षे यंत्रे उघडूनही तो नमदा हातात घेतल्यावर मला वाईट वाटले, कारण त्या मुलाने इतके दिवस सगळा दोष स्वतःच्या सेटिंगना दिला होता.

सफाई करताना संगणकाची वायर भिंतीतून काढावी, यंत्र अंगणात किंवा गच्चीवर न्यावे आणि ब्लोअरने हवा मारावी; मात्र हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण वाऱ्याने तो प्रमाणाबाहेर वेगात फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला लावू नये, कारण त्याच्या नळीवर साचणारी स्थिर वीज नाजूक भागांना मारक ठरू शकते. ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय यांचे पंखेही याच वेळी साफ करावेत, पण पॉवर सप्लाय उघडू नये; बाहेरूनच हवा मारावी, कारण त्यातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही वीज साठलेली असते.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावलेली जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ कापडावर पुसून घ्यावी आणि नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी मध्यभागी ठेवावी. जास्त पेस्ट म्हणजे जास्त गारवा हा समज चुकीचा आहे. इथेच माझ्याकडून एक चूक झाली. सगळे साफ करून यंत्र सुरू केले, तर गेम सुरू होताच दहा सेकंदांत तापमान ९५ वर गेले, म्हणजे आधीपेक्षा वाईट. इंटेलच्या मूळ कूलरला, म्हणजे पंखा आणि हीटसिंकच्या जोडीला, प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या असतात आणि प्रत्येकीचा 'टक' आवाज यावा लागतो. माझी एक खुंटी बोर्डाच्या पलीकडे गेलीच नव्हती, त्यामुळे हीटसिंक एका कोपऱ्यात केसभर उचललेला राहिला होता. तेव्हापासून मी एक खूण लक्षात ठेवली आहे: तापमान काही सेकंदांत उसळत असेल तर हीटसिंक नीट टेकलेला नाही, आणि ते पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत असेल तर हवा खेळत नाही. खुंटी बसवल्यावर अंतर ५८ वरून ४४ अंशांवर आले.

खोलीतल्या पाण्याच्या कूलरविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक खोलीत तो असतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या कूलरची हवा कोरड्या उन्हाळ्यात खोली खरोखर थंड करते आणि संगणकालाही त्याचा फायदा होतो. पण कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. त्या पाण्याचे बारीक तुषार आत गेले की बोर्डावर आणि जोडण्यांवर पांढरी पुटे चढतात, लोखंडी भाग गंजतात आणि पुढे त्यातून अगम्य बिघाड निघतात. यंत्र कूलरच्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंच आणि भिंतीपासून वीतभर लांब असावे. लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवून गेम खेळणे म्हणजे त्याचे नाक दाबण्यासारखे आहे.

उष्णता कमी केल्यानंतर जे उरते

तापमान आवरल्यावर फ्रेम स्थिर झाल्या, पण गेममधल्या मोठ्या शहरात शिरताना झटके येतच राहिले. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर आणि रॅम काठोकाठ भरलेली दिसत होती. रॅम भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवर ठेवते. ती डिस्क फिरती असेल तर गेमला एकाच डिस्ककडून स्वतःची माहितीही हवी असते आणि रॅमचा उसना मालही. बैलगाडीला एकाच वेळी दोन दिशांना जुंपावे तशी तिची गत होते. अशा वेळी पेजफाइल (डिस्कवरची हीच उसनी जागा) बंद करण्याचा सल्ला दिला जातो, तो ऐकू नये. गेम सरळ बंद पडू लागेल.

आम्ही ५०० जीबीची सॅटा जोडणीची एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) घेतली आणि विंडोज व गेम दोन्ही तिच्यावर ठेवले. जुन्या बोर्डावर एम डॉट टू ची (नव्या प्रकारच्या एसएसडीची) खाच बहुधा नसते, म्हणून अडीच इंची सॅटाच घ्यावी. एच८१ चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य चिपच्या) जुन्या बोर्डावर चारपैकी दोनच सॅटा पोर्ट ६ गिगाबिटचे असतात, उरलेले दोन ३ गिगाबिटचे. एसएसडी वेगवान पोर्टमध्ये लावली आहे याची बोर्डावरची अक्षरे वाचून खात्री करावी. चुकून मंद पोर्टमध्ये लागली तरी ती फिरत्या डिस्कपेक्षा कितीतरी बरी चालते, कारण खरा फरक विखुरलेले छोटे तुकडे पटकन शोधण्यात असतो.

रॅमच्या बाबतीत आकड्याइतकीच जोडीही महत्त्वाची आहे. डीडीआर३-१६०० ची एकच पट्टी सेकंदाला १२.८ जीबी माहिती देऊ शकते आणि दोन पट्ट्या योग्य खाचांत असतील तर २५.६ जीबी. एका पट्टीवर चालणारे यंत्र म्हणजे दोन लेनच्या रस्त्यावर एक लेन बंद ठेवण्यासारखे आहे, आणि ज्यांच्याकडे वेगळे कार्ड नसून प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स आहे त्यांना तर हा फरक फार मोठा पडतो, कारण त्यांच्या ग्राफिक्सलाही हीच रॅम वापरावी लागते. भाच्याच्या यंत्रात आठ जीबीची दुसरी पट्टी बसवली. एसएसडी आणि ही पट्टी एवढी दोनच खरेदी झाली.

कार्डाची चार जीबी मेमरी भरली की टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रे) धूसर राहतात आणि कॅमेरा फिरवताना धक्के बसतात, कारण उरलेला माल पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या खाचेच्या) वाटेने रॅममधून आणावा लागतो. त्यासाठी टेक्श्चर एक पायरी उतरवावेत. पण टेक्श्चर मेमरीत मावत असतील तर ते कमी करून वेग वाढत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते आणि ते विनाकारण कुरूप चित्र पाहत बसतात. खरा भार या गेममध्ये एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग), पाण्याचे भौतिक हिशेब, व्हॉल्युमेट्रिक धुके आणि प्रतिबिंबे यांचा असतो. आधी ती खाली आणावीत.

रिझोल्यूशनचा प्रयोगही मोलाचा आहे. १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू आणि १२८० गुणिले ७२० म्हणजे ९ लाख २१ हजार ६००. काम सव्वादोन पटींनी कमी होते. तेवढे कमी करूनही फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडथळा प्रोसेसरकडे आहे आणि नवे कार्ड घेऊन काही साधणार नाही. फ्रेम भरपूर वाढल्या तर अडथळा कार्डाकडे आहे आणि तिथे एफएसआर, म्हणजे कमी बिंदूंत काढलेले चित्र मोठे करून दाखवण्याची पद्धत, उपयोगी पडते. एनव्हीडियाची अशीच पद्धत डीएलएसएस आरटीएक्स कार्डांपुरतीच आहे, परंतु एएमडीची एफएसआर २ ही पद्धत जुन्या जीटीएक्स कार्डांवरही चालते आणि या गेममध्ये ती २०२२ पासून आहे.

शेवटी फ्रेमवर मर्यादा घालावी. उन्हाळ्यात हा उपाय मला सर्वांत परिणामकारक वाटतो. ५० ते ३० मध्ये हेलकावणाऱ्या फ्रेमपेक्षा ४० वर बांधलेल्या फ्रेम डोळ्यांना सुखाच्या वाटतात, आणि यंत्र अकारण धावत नसल्यामुळे उष्णताही कमी होते. लॅपटॉपवर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती ९९ टक्के केली की इंटेलचा टर्बो (नेहमीपेक्षा वाढीव) वेग बंद होतो. थोडा वेग जातो, पण तापमान लक्षणीय उतरते.

संगणकच बंद पडत असेल तर

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसते. ती केवळ एवढेच सांगते की यंत्र रीतसर बंद झाले नाही. कारण सांगत नाही. संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर आणि मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडते, यूपीएस बॅटरीवर जातो आणि दोन-तीन उन्हाळे खाल्लेली बॅटरी गेमचा भार क्षणभरही पेलत नाही. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, म्हणजे कागदावर पुरेसा. दोष क्षमतेचा नसून थकलेल्या बॅटरीचा असतो. गेम बंद असताना आणि जवळ कोणी मोठे माणूस असताना यूपीएसची वायर काढून तो किती वेळ तग धरतो ते पाहावे.

कार्ड बदलावेच लागले तर

कार्यालयातून निघालेल्या छोट्या कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय २४० वॅटच्या आसपास असतो आणि त्याला कार्डासाठीची वेगळी वायर नसते, म्हणून खाचेतूनच ७५ वॅट घेणारे कार्ड निवडावे लागते. इथे एक खड्डा आहे. आरएक्स ६४०० हे कार्ड वीज कमी खाते म्हणून सुचवले जाते, पण ते पीसीआय एक्सप्रेसच्या सोळापैकी चारच लेन (माहिती वाहणाऱ्या वाटा) वापरते. नव्या बोर्डावर त्या चार लेन सेकंदाला सुमारे ८ जीबी वाहतात. एच८१ सारख्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस २.० असल्यामुळे फक्त २ जीबी. जुन्या बोर्डावर सोळा लेनचे, वेगळी वायर न लागणारे जीटीएक्स १६५० अधिक योग्य ठरते.

काही गेम मात्र कोणत्याही सफाईने चालणार नाहीत. २०२४ च्या डिसेंबरमधला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि २०२५ च्या मेमधला डूम: द डार्क एजेस यांना रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा हिशेब करण्याची) क्षमता असलेले कार्डच लागते. एखादा गेम काही न बोलता सुरू होताच बंद होत असेल, तर प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या आज्ञांचा एक संच) आहे का ते पाहावे. इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत तो नाही, चौथ्या पिढीच्या कोअर मालिकेपासून आहे.

भाच्याच्या यंत्राची सफाई आता वर्षातून दोनदा होते: एकदा जिनिंगचा हंगाम संपल्यावर पाडव्याच्या सुमारास आणि एकदा पावसाळा ओसरल्यावर. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी तिकडे होतो. दुपारी तीन वाजता खोलीत ४१ अंश होते. गेम दीड तास सुरू होता, प्रोसेसर ८२ वर, कार्ड ७७ वर आणि फ्रेम ४० वर स्थिर होत्या.